घोंगडी पांघरून पेडगावला

धनगरांच्या वाड्यावर सगळे तिला म्हातारी म्हणत. मला आधी वाटलं, पालात कुणी थकलेली आजी निजली असेल. "म्हातारीला भाईर आन गं, पाव्हनं उभे हायेत," असं वाड्यातल्या थोरल्या बाबांनी सुनेला सांगितलं, तेव्हा मी घाईघाईनं म्हणालो, "राहू द्या, त्यांना कशाला उठवता?" सून तोंडाला पदर लावून हसली. पालात वाकली आणि एक काळं जाड ओझं खांद्यावर टाकून बाहेर आली. तिनं ते तीनदा झटकलं. पहिल्या झटक्याला कापसाची वाळकी पानं उडाली, दुसऱ्याला लेंड्यांचा भुगा, तिसऱ्याला नुसताच वास. मग पऱ्हाटी उपटून मोकळ्या केलेल्या जागेवर ते ओझं अंथरलं गेलं, चारी कोपरे ओढून सरळ झाले आणि बाबा म्हणाले, "बसा."

बसलो आणि अर्धवट उठलो. पायजम्याच्या आरपार शंभर सुया लागल्या.

"टोचती का?" बाबांनी विचारलं. "नव्या माणसाला टोचती. वळख झाली की न्हाई टोचत."

माझी आणि म्हातारीची ओळख अशी झाली. तिचं जातीचं नाव घोंगडी. राहणार कायमचा पत्ता नाही. त्या रात्रीपुरता मुक्काम पेडगाव, तालुका परभणी, माझ्या चुलत्यांच्या कापसाच्या रानात.

पेडगाव म्हटलं की ऐकणारा ओठ मुडपून हसतो. वेड पांघरून पेडगावला जाणं ही म्हण शाळेतल्या पुस्तकानं सगळ्यांच्या डोक्यात घालून ठेवली आहे. आमचे चुलते या बाबतीत फार तिखट. "ते पेडगाव आमचं न्हाई," असं ते तिऱ्हाइतालाही थांबवून सांगतात. ते पेडगाव श्रीगोंद्याकडचं, भीमेच्या काठचं, बहादूरगडाचं. मोगलांचा बहादूरखान तिथं छावणी टाकून बसला होता आणि शिवाजी महाराजांच्या माणसांनी हूल देऊन त्याला भलतीकडे पळवत नेलं, मागच्या मागे छावणी लुटली, अशी कथा सांगतात. त्यातलं किती कागदावर सापडतं ते इतिहासवाल्यांनी बघावं. आमचं पेडगाव साधं. परभणीच्या पश्चिमेला, मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं एक स्टेशन. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि गावाच्या नावाची पाटी रुळाकाठी उभी राहिली. लुटायला इथं काही नाही. पांघरायला मात्र आहे, हे मला त्या रात्री कळलं.

मी पेडगावला गेलो होतो ते जमिनीच्या मोजणीच्या कामाला. ते काम म्हणजे आमच्या घराण्यातलं सगळ्यात जुनं भिजत घोंगडं. त्यात दोन वेळा तारीख मिळून दोन वेळा पुढे गेली होती, आणि तिसऱ्यांदाही जायची लक्षणं दिसत होती. त्याच आठवड्यात पुण्याचा भाचा जॉर्डनहून परतला होता. तिथं वाडी रम नावाची वाळवंटातली दरी आहे. लालसर वाळू, हजार फुटांवर उठलेले उभे कडे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'पासून 'द मार्शियन'पर्यंत बरेच सिनेमे तिथं चित्रित झाले. जागतिक वारशाच्या यादीत ती दरी २०११ साली आली. भाचा तिथं बेदू लोकांच्या तळावर दोन रात्री राहिला, म्हणजे दिनार मोजून राहिला, आणि फोनवर मला तासभर त्यांच्या पाहुणचाराचं सांगत होता. शेळीच्या केसांच्या विणलेल्या पट्ट्यांचा काळा तंबू, त्याला ते 'बैत शअर' म्हणतात, केसांचं घर. उन्हाळ्यात विणीच्या फटींतून वारा खेळतो, पावसात केस फुगून फटी मिटतात. आत कॉफी भाजायची, खलबत्त्यात कुटायची. कुटण्याचा ताल ऐकून शेजारच्या तंबूतल्याला कळतं की पाहुणा आला. पाहुण्याला तीन दिवस काम विचारायचं नाही.

हे सगळं मी जेवताना चुलत्यांना सांगितलं. त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाले, "त्यासाठी जॉर्डनला कामून जावं लागतं? आपल्या रानात धनगर बसलेत की. जा, झोप तिथं."

तर असा मी म्हातारीच्या अंगावर येऊन बसलो.

पाहुणचाराच्या पहिल्याच कलमात फरक निघाला. बेदू तीन दिवस विचारत नाहीत. आमच्या मराठवाड्यात पाण्याचा तांब्या हातात येण्याआधी गाव कोणतं, आडनाव काय, मामा कुठले, लेकरं किती, पाऊसपाणी कसं, एवढं सगळं होऊन जातं. मामाचं गाव जिंतूरकडचं म्हटल्यावर बाबा खूश झाले, कारण दरसाल दिवाळीनंतर त्यांचा वाडा त्याच बाजूनं खाली उतरतो. "मंग तुमी घरचेच की," असं म्हणून त्यांनी चहा सांगितला. मेंढीच्या दुधाचा तो चहा खिरीसारखा दाट होता आणि त्यावर सायीचा पापुद्रा. तोवर अंधार पडला. रानात वाघर लावलेली, तिच्या जाळीत दोनेकशे मेंढरं एकमेकांत तोंडं खुपसून बसलेली. तीन कुत्री, दोन घोडी, तीन पालं. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीवरचा उरलेला पाला मेंढरं खातात आणि रात्री तिथंच बसून रान खतावतात. शेतकऱ्याला खत, मेंढराला चारा, धनगराला पायलीनं धान्य नाहीतर आता पैसे. या व्यवहाराला कागद लागत नाही. मोजणीच्या तारखा घेऊन फिरणाऱ्या मला हे विशेष वाटलं.

मी म्हातारीकडे नीट पाहायला लागलो ते चुलीच्या उजेडात. लांबून काळी दिसते, पण काळी नाही. आमच्या रानाच्या मातीचा जो रंग असतो, ओली असताना काळा आणि वाळल्यावर तपकिरी, तसा तिचा रंग. मध्येमध्ये पांढरे करडे धागे, म्हाताऱ्या बाईच्या केसांत असतात तसे. तिच्या मधोमध लांबलचक शिवण. दोन पट्टे विणून ते मध्ये शिवून एक केलेली घोंगडी ती. डावीकडचा पट्टा जास्त झिजलेला, गुळगुळीत, कडेला दशा झडलेल्या. उजवीकडचा जरा तरणा. मी बोटानं शिवण चाचपत होतो तेव्हा मावशी, म्हणजे बाबांची बायको, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिकडली बाजू सासूबाईच्या हातची. इकडली माझी."

मूळ घोंगडीची सगळी लोकर बाबांच्या आईनं कातलेली. पुढे एक पट्टा विरला. टाकून देण्याऐवजी मावशींनी नवी लोकर कातली, विणकराकडून तेवढा एक पट्टा विणून आणला आणि सासूच्या पट्ट्याला जोडला. सासू आणि सून अशा चाळीसेक वर्षं एका शिवणीवर नांदत आहेत. सासूबाई जाऊन खूप वर्षं झाली. बेदू लोकांच्या तंबूचंही असंच असतं. दरवर्षी बायका नवी पट्टी विणतात, छपरातली जुनी काढून बाजूच्या भिंतीला लावतात, आणि तंबू कधीच पुरता नवा होत नाही, कधी पुरता जुनाही होत नाही. म्हातारीचं वय विचारलं तर कुठल्या बाजूचं सांगायचं, हा प्रश्नच आहे.

तिचा जन्म बाबांनी सांगितला तो मला आवडला, कारण त्यात प्रत्येकाचा हात होता आणि कुणा एकाची मालकी नव्हती. मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. कातरलेली लोकर पिंजायची, पेळू करायचे, बायकांनी चालता चालता, राखणीला बसता बसता चातीवर सूत काढायचं. मग ते विणकराकडे. हे विणकर कुठे सनगर असतात, कुठे धनगरांतलेच खुटेकर. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचा तो माग. ताण्याला चिंचोक्याची खळ चोपडायची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ सुताला बळ देते आणि नव्या घोंगडीला असा काही ताठा देते की ती घडी करून ठेवली तर कवाडासारखी उभी राहते. "नवी व्हती तवा कुनाचं ऐकत नव्हती," बाबा म्हणाले. "पावसात भिजली, उन्हात वाळली, माझ्या अंगाखाली चुरली, तवा कुठं माणसात आली."

माणसात आली तरी तिनं स्वभाव सोडला नाही. घोंगडीचा पहिला गुण टोचणं. दख्खनी मेंढीची लोकर राठ. हिच्यापासून मऊ शाल होत नाही, आणि या मेंढीला त्याची लाज वाटल्याचं दिसत नाही. या राठपणामुळे साप-विंचू घोंगडीवर चढत नाहीत, अशी सगळ्या धनगरांची श्रद्धा. विंचवाला विचारून कुणी खात्री केली आहे का, असं मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "चढला असता तर मी सांगाया ऱ्हायलो असतो का?" यावर तर्कशास्त्राला फारसं काही बोलता येत नाही.

तिचा दुसरा गुण, ती जळत नाही. तिच्या अंगावर बारीक भोकं आहेत, मी सतरा मोजली. चुलीची ठिणगी पडली की सुती गोधडी पेट घेते, जॉर्जेट तर वितळून कातडीला चिकटतं. लोकर तेवढ्यापुरती करपते, केस जळाल्याचा घाण वास सोडते आणि आपली आपण विझते. प्रत्येक भोक म्हणजे एक थंडीची रात्र, जिच्यात कुणीतरी चुलीच्या फार जवळ सरकलं होतं.

पावसातलं तिचं रूप मी पाहिलं नाही, पण लहानपणापासून धनगर पाहिलेत. दोन कोपरे जुळवून घोंगडीची खोळ करायची, ती डोक्यावरून पाठीवर सोडायची आणि काठीवर रेलून पावसात उभं राहायचं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ओल शोषताना स्वतः थोडी ऊब सोडते. बाबांना हे माहीत नाही असं नाही, फक्त त्यांचा सांगायचा मार्ग वेगळा. "ती पावसाला आत घेती," ते म्हणाले, "पर माझ्यापतूर येऊ देत न्हाई."

मी 'भिजत घोंगडं' या म्हणीचा विषय काढला. पुरती भिजलेली घोंगडी इतकी जड होते की पिळायला दोन माणसं लागतात, म्हणून ती तशीच पडून राहते, आणि म्हणून लांबणीवर पडलेल्या कामाला भिजत घोंगडं म्हणतात, असं मी शहरी शहाणपणानं सांगितलं. बाबांनी मान हलवली. "हे ज्याच्याजवळ दुसरं पांघरून हाय त्यानं केलेलं बोलनं. आमी भिजत कामून ठेवू? रातीला काय पांघरावं मंग?" मोजणीचं काम ज्यांच्याकडे अडलं आहे त्यांच्याकडे दुसरं पांघरूण भरपूर असणार, हे मला त्याच क्षणी पटलं.

तिच्या एका कोपऱ्यावर पिवळे डाग होते. हळदीचे, भंडाऱ्याचे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांपुढे मंडळी बसतात ती घोंगडीवर. भंडारा उधळला जातो तो तिच्यावर पडतो. भावकीचा निवाडाही तिच्यावर बसूनच होतो. तिच्यावर बसून खोटं बोलत नाहीत, असं मावशी म्हणाल्या. मी थोडा सावरून बसलो. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' लिहून पंढरीच्या विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात दाखवलं, आणि गुंथर सोन्थायमर हा जर्मन पंडित तर वर्षानुवर्षं धनगरवाड्यांवर जाऊन त्यांच्या ओव्या ऐकत बसायचा. कशावर बसायचा, ते त्याच्या ग्रंथांत शोधायची गरज नाही. खंडोबानं बानूसाठी तिच्या बापाची मेंढरं राखली असं सांगतात. मल्हारी मार्तंडालाही या म्हातारीनं टोचलं असेल, या कल्पनेनं मला थोडा धीर आला.

वाळवंट आणि धनगरवाडा यांची तुलना मी करत होतो ती काही अगदी ओढूनताणून नव्हे. मराठवाड्याचा आणि अरबांचा संबंध फोनवरच्या फोटोंपेक्षा जुना आहे. निजामाच्या फौजेत येमेनातल्या हद्रामौतचे अरब शिपाई होते. हद्रामौत म्हणजे पुन्हा वाळवंटातली दरीच; तिथं शिबाम गावात मातीचे अनेक मजली वाडे उभे आहेत. त्या शिपायांचे वंशज आज चाऊस आडनावानं आपल्याकडे राहतात, आणि आमच्या परभणीच्या ओळखीतले एक चाऊस चाचा मराठवाडी मराठीत अशा शिव्या देतात की खुद्द धनगरानं कानावर हात ठेवावेत. १८१९ च्या जानेवारीत नांदेडकडच्या नोव्हा किल्ल्यावर हैदराबादच्या फौजेनं वेढा घातला, तेव्हा किल्ला होता नोवसाजी नाईक या हटकराचा आणि आत लढत होते अरब. हटकर म्हणजे धनगरच. वाळवंटातला माणूस आणि मेंढरामागचा माणूस एका तटाआड थंडी काढत होते. जानेवारीच्या त्या रात्री कोण काय पांघरून बसलं होतं, याची नोंद कुठल्या बखरीत असणार? मला मात्र अंदाज आहे.

जेवण झालं. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, दूध, आणि चुलत्यांनी सोबत दिलेली हुरड्याची कणसं. ती मावशींनी शेणीच्या आरावर भाजली आणि म्हातारीवरच चोळली. तिच्या राठ अंगावर कोंडा अडकतो आणि दाणा हातात येतो. तिच्या कामांच्या यादीत हेही एक होतं. यादी खरोखर लांब आहे. धान्य वाळवायचं, बाजाराचं ओझं बांधायचं, घोडीच्या पाठीवर खोगिराखाली घालायची, आजारी माणसाला तिच्यात घालून चौघांनी उचलून न्यायचं, बाळंतिणीपुढे आडोसा म्हणून धरायची. पालाला भिंत नसते. जिथं भिंत लागेल तिथं म्हातारीला उभं करतात, जमीन लागेल तिथं पसरतात, छप्पर लागेल तिथं वर ताणतात. माझ्या पक्क्या घरात चार भिंती, फरशी, स्लॅब असं वेगवेगळं बांधलेलं आहे आणि त्यातलं काहीच जागचं हलत नाही. पाहुणा आला तर त्याला कुठं झोपवायचं यावर आमच्याकडे बैठक होते.

तिला एक शत्रू मात्र आहे. बाबांच्या नातवाजवळ बाजारातून आणलेलं मिंकचं ब्लँकेट होतं. गुळगुळीत, फुगीर, आणि त्यावर जबडा उघडलेला मोठा वाघ. मेंढरांच्या तळावर रोज रात्री एक वाघ पसरून ठेवतात आणि कुत्री त्याला काही म्हणत नाहीत, हे दृश्य मला फार आवडलं. नातू म्हणाला, "म्हातारी टोचती. हे मऊ हाय." बाबा काही बोलले नाहीत. पोरगं झोपल्यावर मात्र बोलले. लोकरीला आता कोण विचारतंय? पूर्वी लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरी निघायची, वर चार पैसे राहायचे. आता कातरणाऱ्याला खिशातून द्यायचे आणि लोकर बांधावर टाकून पुढं निघायचं. कातरलं नाही तर मेंढराच्या अंगात गोचिडं होतात, म्हणून कातरायचं. बरेच जण तर लोकर नसलेली, नुसत्या केसांची मेंढरं पाळतात. ती उंच, मांसाला भारी, किंमत बरी. "त्येंच्या अंगावर घोंगडी न्हाई," बाबा म्हणाले, "तर मानसाच्या अंगावर कुठून येनार?"

सून पालात होती, ती तिथूनच म्हणाली, "आता सूत बी कुनाला काढता येतंय?" मावशींनी तिच्याकडे पाहिलं. चातीचा विषय या घरात याआधीही निघाला असावा.

परभणीची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते. उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंशांवर जाणारं गाव हिवाळ्यात गारठतं, आणि कृषी विद्यापीठाच्या नोंदीतला आकडा एखाद्या वर्षी पाचाच्याही खाली उतरतो. मोकळ्या काळ्या रानात तो आकडा आणखी उघडा असतो. वाळवंटासारखंच, दिवसाची ऊब रात्र होताच सगळी वर निघून जाते. झोपायची वेळ झाली तेव्हा बाबांनी म्हातारी माझ्यासाठी काढली आणि स्वतः एक वाकळ घेऊन वाघरीजवळ गेले. मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मावशी रागावल्या: "मंग आलाव कामून?"

अर्धी खाली, अर्धी वर अशी तिच्यात शिरलो. सासूची बाजू खाली आली, सुनेची वर. पहिला तास नुसता खाजवण्यात गेला. मान, मनगटं, घोटे. जिथं कपडा संपतो तिथं ती बरोबर शोधून काढायची. वास तर असा की डोळे मिटले की मी मेंढरांच्या मध्ये झोपलो आहे असं वाटे. तो भास नव्हता, मी खरोखर मध्येच होतो. दूर रुळावरून मालगाडी गेली. कुत्री भुंकली आणि थांबली. पायाकडून हळूहळू ऊब वर चढायला लागली, घाईनं नव्हे, चुलीसारखी तर नव्हेच. कुणीतरी शेजारी येऊन बसावं आणि बोलू नये तशी. वर तारे इतके होते की भाच्याला फोन करावासा वाटला. वाडी रममध्ये आता पारदर्शक प्लास्टिकच्या घुमटात निजून तारे बघायची सोय केली आहे, त्याचे वेगळे पैसे पडतात, असं तो म्हणाला होता. टोचणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. बाबा म्हणाले होते ती ओळख झाली असावी.

ओळख झाली आणि तुटली. रात्री तीनच्या सुमाराला कुणीतरी माझ्या अंगावरून म्हातारीला एका हिसक्यात ओढून काढलं. मी धडपडून उठलो. बॅटरीच्या उजेडात मावशी.

"उठा पाव्हनं, नवा पाव्हना आलाय."

एक मेंढी व्याली होती. दोन कोकरं. पहिल्याला ती चाटत होती; दुसरं बाजूला ओलंगच्च पडलेलं, पाय थरथरत, तोंडातून आवाज नाही. मेंढी त्याच्याकडे वळून बघत नव्हती. मावशींनी त्याला म्हातारीच्या कोपऱ्यात घेतलं, भंडाऱ्याच्याच कोपऱ्यात, आणि चोळायला सुरुवात केली. खसाखसा. मला तासभर छळणारा तो राठपणा इथं कामाला आला. मेंढीच्या जिभेसारखाच तो खरखरीत. घोंगडीचा वास मेंढीचाच, त्यामुळे कोकराला माणसाचा वास लागत नाही आणि आई त्याला परकं मानत नाही, असं मावशी चोळता चोळता सांगत होत्या. बाबांनी मेंढीचं तोंड धरून त्याच्याकडे वळवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग कोकरू शिंकलं. मेंढीनं कान टवकारले, हुंगलं, आणि जीभ बाहेर काढली.

कोण जाणे, म्हातारीतले काही करडे धागे या कोकराच्या पणजीचे असतील. तिनं अंगावरून उतरवून दिलेलं तिच्याच घरात पोचलं होतं, आणि मध्ये थोडा वेळ ते माझ्याकडे होतं.

मला मग युरियाचं एक पोतं मिळालं आणि चुलीजवळची जागा. तक्रार करायची सोय नव्हती; या वाड्यावर पाहुण्यांचा क्रम कोण जास्त गारठलं आहे त्यावर ठरतो. उरलेली रात्र मी आरावर शेणी सारत काढली. बाबा समोर येऊन बसले, बिडी पेटवली. म्हणाले, "झोप झाली का?" मी म्हणालो, "तीनपर्यंत झाली." ते म्हणाले, "लई झाली."

उजाडलं तेव्हा म्हातारी बाभळीवर वाळत टाकलेली होती. जारेच्या पाण्यानं ओली, एका बाजूनं चिकट, आणि कोवळं ऊन लागताच तिच्या अंगातून वाफ निघायला लागली. दोन्ही कोकरं खाली उभी राहायचा प्रयत्न करत होती. दुसरं जास्त वेळा पडत होतं. चहा आला. बसू कुठं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. सुनेनं पालातून मिंकचं ब्लँकेट आणून पसरलं आणि जरा संकोचून म्हणाली, "म्हातारी वल्ली हाय. आज ह्याच्यावर बसा."

मी वाघाच्या जबड्यावर बसलो. मऊ होतं. खालून जमिनीचा गारठा सरळ वर आला.

वाडा दुपारी हलायचा होता. मोजणीची तारीख, अपेक्षेप्रमाणे, पुढे गेली होती. चुलत्यांचा फोन आला तेव्हा मी स्टेशनच्या फलाटावर पोचलो होतो. पॅसेंजर गाडी आली, खिडकीजवळ जागा मिळाली. देवळगाव अवचार गेलं, मानवत रोड गेलं. सेलूच्या अलीकडे कॉलरमधून काहीतरी टोचलं. बोटानं काढून पाहिलं तर इंचभर लांबीचा, काळा, टोकाशी करडा केस. समोरच्या बाईंनी विचारलं, "काय चावलं?"

"चावलं नाही," मी म्हणालो. "ओळखीचं आहे."